अमेरिकेत कंपनीच्या नावावर कॉपीराइट नोंदवताना

पुण्या-मुंबईतल्या छोट्या डिझाइन कंपन्या, मुलांची पुस्तकं आणि खेळ काढणारे प्रकाशक, ॲप बनवणारे, गाणी करणारे, या सगळ्यांचा माल आता मधल्या घाऊक व्यापाऱ्याशिवाय थेट अमेरिकेतल्या घरात पोचतो. मग एक दिवस आपलंच चित्र दुसऱ्याच दुकानाच्या नावाने तिथल्या संकेतस्थळावर विकायला लागलेलं दिसतं आणि नोंदणीची धावपळ सुरू होते. तेव्हा उशीर झालेला असतो. संरक्षण गेलेलं नसतं, पण नोंदणीचे सगळ्यात मोठे फायदे त्या नक्कलेपुरते हातचे गेलेले असतात.

अमेरिकेतली नोंदणी स्वस्त आहे, ऑनलाइन आहे आणि त्यासाठी वकील लागलाच पाहिजे असंही नाही. अर्ज कंपनीच्या नावावर असतो तेव्हा फॉर्म भरणं हे सर्वांत सोपं काम असतं. अडतं ते 'हे काम खरंच कंपनीचं आहे का' या प्रश्नावर, आणि त्याचं उत्तर फॉर्ममध्ये नाही, आपल्या फाइलीत असतं. म्हणून या लेखातला सर्वांत मोठा भाग त्या फाइलीवरच आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कंपनी धरू. पुण्यातली प्रायव्हेट लिमिटेड, तीन-चार जणांची. अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी मुळाक्षरांच्या चित्रकार्डांचा संच काढते. खोक्यात ४८ कार्डं आणि बडबडगीतांची एक पुस्तिका. ३६ कार्डं पगारी चित्रकारांनी काढली, १२ कोल्हापूरच्या एका फ्रीलान्सरने, आणि गीतं कंपनीच्या संचालक बाईंनी स्वतः लिहिली.

जगभराची एकच नोंदणी असते का?

नाही. 'वर्ल्डवाइड कॉपीराइट रजिस्ट्रेशन' असं म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. बर्न कराराने सदस्य देश एकमेकांच्या कलाकृतींना संरक्षण देतात. भारत त्यात १९२८ पासून आहे. काम कागदावर, पडद्यावर किंवा ध्वनिमुद्रणात उतरलं की हक्क आपोआप तयार होतो, आणि तो अमेरिकेतही मानला जातो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तर सरकारी कॉपीराइट नोंदवहीच नाही. तिथली 'प्रमाणपत्रं' खासगी कंपन्या विकतात. कॅनडात आणि चीनमध्ये ऐच्छिक सरकारी नोंदणी आहे. आपल्याकडेही दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ती होते, पण त्या प्रमाणपत्रावर अमेरिकी कायद्यातले नोंदणीचे फायदे मिळत नाहीत. स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने प्रत पाठवून पाकीट सीलबंद ठेवायचा जुना उपाय अजून सांगितला जातो. अमेरिकेत त्याला नोंदणीची किंमत शून्य.

मग नोंदवायचं कशासाठी?

अमेरिकी कायदा कामांचे दोन गट करतो. अमेरिकेत पहिल्यांदा प्रकाशित झालेलं काम, किंवा अप्रकाशित असेल तर तिथल्याच लोकांनी किंवा कंपन्यांनी केलेलं काम, हे 'अमेरिकी काम'. त्यावर खटला भरायचा तर नोंदणी आधी हवी. नुसता अर्ज टाकून भागत नाही, अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाचा निर्णय हातात असावा लागतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. न्यू जर्सीत एलएलसी (तिथली मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून धंदा करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

भारतात पहिल्यांदा प्रकाशित झालेल्या कामाला ही अट नाही, नोंदणीशिवायही दावा लावता येतो. पण त्यावर समाधान मानू नका. कायद्याने ठरवून दिलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च मागायचा असेल तर नोंदणी उल्लंघनाच्या आधीची हवी, किंवा पहिल्या प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आतली. ही अट परदेशी कामांनाही लागू आहे. ही भरपाई दर कामामागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि मुद्दाम नक्कल केल्याचं सिद्ध झालं तर १,५०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकते. ती मिळण्यासारखी नसेल तर आपलं प्रत्यक्ष नुकसान किती झालं आणि समोरच्याने किती नफा कमावला हे पुराव्यानिशी मांडावं लागतं. पंधरा डॉलरच्या खोक्याचं नुकसान सिद्ध करायला ताशी शेकडो डॉलर घेणारा वकील कोण लावणार? नोटीस पाठवताना समोरचा वकील पहिल्यांदा नोंदणीची तारीख बघतो ती यासाठीच.

शिवाय पहिल्या प्रकाशनापासून पाच वर्षांच्या आत नोंदणी झाली तर प्रमाणपत्रातला मजकूर न्यायालय सकृद्दर्शनी खरा धरतं. मालकी तुमची नाही हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर जाते.

काय नोंदवता येत नाही

नाव, शीर्षक, घोषवाक्य, छोटे शब्दप्रयोग, नुसती अक्षरांची ठेवण यांवर कॉपीराइट मिळत नाही. ब्रँडचं नाव आणि साधा अक्षरी लोगो यांचं ठिकाण ट्रेडमार्क. कल्पनेवरही नाही. 'अ अननसाचा' ही कल्पना कोणाचीच नाही. तुमच्या चित्रकाराने काढलेला तो विशिष्ट अननस मात्र तुमचा. वारलीतल्या त्रिकोणी आकृत्या, पैठणीवरचा मोर, रांगोळीचे ठिपके हेही परंपरेतलं धन. त्यांची तुम्ही केलेली स्वतंत्र रचना तेवढी नोंदवता येते आणि नक्कलही तेवढीच अडवता येते. दुसरा कोणी आपला मोर स्वतंत्रपणे काढून विकत असेल तर काही करता येत नाही.

एआयबद्दल आता स्पष्टता आहे. अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या मार्च २०२३ च्या सूचनेप्रमाणे कामात यंत्राने तयार केलेला भाग किरकोळ नसेल तर तो अर्जात सांगावा लागतो आणि दाव्यातून वगळावा लागतो. त्याच वर्षी एका चित्रकथेची आधी दिलेली नोंदणी कार्यालयाने आखडती घेतली. मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, यंत्राने काढलेली चित्रं वगळली. कार्डांची पार्श्वभूमी एआयने केली असेल तर ते लपवू नका. माहिती असून खोटं लिहिलं तर भर खटल्यात नोंदणी उडू शकते.

मालकीची फाइल: इथे वेळ घाला

अमेरिकी कार्यालय तुमची करारपत्रं मागत नाही. 'आम्ही मालक आहोत' असं तुम्ही प्रमाणित करता आणि ते तेवढ्यावर विश्वास ठेवतात. कागद मागतो तो समोरचा वकील, दोन-तीन वर्षांनी, आणि तोपर्यंत फ्रीलान्सरचा फोन नंबर बदललेला असतो.

अमेरिकेतल्या कंपन्यांमध्ये 'वर्क मेड फॉर हायर' ही संकल्पना चालते. कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा लेखक कायद्याने कंपनीच. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेलं काम मात्र फक्त नऊ ठरावीक प्रकारांत यात बसतं. त्यात चित्रपटाचा भाग, भाषांतर, संकलन, पाठ्यसामग्री, नकाशासंग्रह वगैरे येतात, आणि दोघांच्या सह्यांचा लेखी करार लागतो. लोगो, एखादं सुटं चित्र किंवा ॲपचा कोड सहसा या यादीत बसत नाही. त्यामुळे करारात 'वर्क फॉर हायर' हे शब्द घातले की झालं, असं मानणारे फसतात. तिथे हक्क हस्तांतरणाचा लेखी आणि सही केलेला दस्तच लागतो. इंटरनेटवरून उतरवलेला अमेरिकी करार जसाच्या तसा वापरणाऱ्यांनी हे तपासून घ्यावं.

आपल्या पुण्याच्या कंपनीचं काम भारतात झालं. अशा वेळी मूळ मालक कोण हे ठरवताना अमेरिकी न्यायालयं साधारणपणे ज्या देशाशी कामाचा सर्वांत जवळचा संबंध आहे त्या देशाचा कायदा बघतात. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९९८ मध्ये रशियन वृत्तसंस्थांच्या खटल्यात हीच वाट धरली. म्हणजे आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा थेट अमेरिकेतल्या अर्जात येऊन बसतो.

पगारी चित्रकारांचं सोपं आहे. नोकरीच्या कराराखाली केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळं काही ठरलं नसेल तर, कलम १७ प्रमाणे मालकाची म्हणजे कंपनीची. फक्त नेमणूकपत्र हवं आणि त्यात चित्रं काढणं हे त्यांचं काम असल्याचं दिसायला हवं. 'ऑफिस असिस्टंट' म्हणून नेमलेल्या मुलीने हौसेने काढलेली कार्डं वादात सापडू शकतात.

कोल्हापूरच्या फ्रीलान्सरच्या बारा कार्डांचं मात्र नीट बघायचं. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा पेंटिंग यांची पहिली मालकी काढून घेणाऱ्याची, असं आपल्या कलम १७ मध्ये आहे. पण टॅबलेटवर केलेलं इलस्ट्रेशन 'पेंटिंग' धरायचं का, यावर परदेशातल्या न्यायालयात वाद घालायची वेळ कशाला आणायची? हस्तांतरणाचा दस्त करून घ्या. आणि तो करताना कलम १९ समोर ठेवा. हे कलम कितीतरी चांगले दस्त निकामी करतं. दस्तात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतंच धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर ते फक्त भारतापुरतं. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर दस्तात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो परत जातो. आता विचार करा: 'चित्रांचे सर्व हक्क कंपनीला दिले' एवढंच लिहिलेला, दोघांच्या सह्यांचा, साक्षीदारांचाही कागद तुमच्याकडे आहे. दिसायला सगळं ठीक. पण त्या कागदावर अमेरिकेतला हक्क तुमच्याकडे आलेलाच नाही!

म्हणून दस्तात या गोष्टी शब्दशः हव्यात: कोणती कामं (सोबत लहान चित्रांची यादी जोडा), कोणकोणते हक्क, संपूर्ण जग हा प्रदेश, कॉपीराइटची पूर्ण मुदत, एका वर्षात वापर झाला नाही तरी हक्क परत जाणार नाहीत असं वाक्य, मोबदल्याचा आकडा, आणि हक्क देणाऱ्याची सही. ईमेलवरचं 'हो दादा, वापरा' हे हस्तांतरण नव्हे.

राहिल्या संचालक बाई. कंपनी त्यांचीच, मग गीतं कंपनीचीच ना? इथेच घरच्या कंपन्या गाफील राहतात. संचालक हा आपोआप नोकर नसतो. त्यांच्यात आणि कंपनीत नोकरीचा करार नसेल तर गीतांची मालकी त्यांची व्यक्तिगत राहते. एका पानाचा दस्त करून टाका. एका बाजूला त्या स्वतः, दुसऱ्या बाजूला कंपनीतर्फे दुसऱ्या संचालकाची सही. सीएला विचारून मोबदल्याची नोंद हिशेबात नीट दाखवा. भागीदारी फर्ममध्ये भागीदारांच्या बाबतीतही हेच. एकट्याची प्रोप्रायटरी फर्म असेल तर प्रश्नच नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने फर्म आणि माणूस एकच. अर्जात माणसाचं नाव जातं.

एक अर्ज की अनेक, आणि कधी

सर्वांत स्वस्त 'सिंगल' अर्ज ४५ डॉलरचा दिसतो आणि सगळे त्यावर टिचकी मारतात. तो कंपनीसाठी नाही. एकच काम, एकच लेखक, तोच मालक आणि काम नोकरीतलं नसेल, तरच तो चालतो. एकट्या चित्रकाराने एक पोस्टर स्वतःच्या नावावर नोंदवायचं तर ठीक. कंपनीला 'स्टँडर्ड' अर्ज, ६५ डॉलर, म्हणजे साधारण साडेपाच-सहा हजार रुपये. हे दर २०२० पासूनच्या दरपत्रकातले आहेत. भरण्याआधी संकेतस्थळावर चालू दर बघून घ्या. चुकीचा अर्ज निवडला तरी फी परत मिळत नाही.

चित्रकार्डांच्या खोक्यात पन्नासेक स्वतंत्र कामं आहेत, मग पन्नास अर्ज? नाही. ज्या वस्तू एकाच पाकिटात, एकच नग म्हणून पहिल्यांदा बाजारात आल्या आणि ज्यांचा मालक एकच आहे, त्या सगळ्या एका स्टँडर्ड अर्जात बसतात. अट नीट वाचा: मालक एकच. वरच्या फाइलीतले दोन दस्त नसते तर बारा कार्डं आणि गीतं या अर्जातून बाहेर पडली असती. दुसरी अट, पहिल्यांदा एकत्रच आलेलं हवं. गेल्या दिवाळीत यातली चार चित्रं सुटी पोस्टरं म्हणून विकली असतील तर ती वगळायची.

या मुद्द्यावरूनच एका कापड कंपनीचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांनी ३१ डिझाइनं एकाच अर्जात नोंदवली होती, पण त्यातली काही ठरावीक गिऱ्हाइकांसाठी राखून वेगळी विकली होती. २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की कायदा किंवा वस्तुस्थिती माहीत नसल्यामुळे झालेली चूक नोंदणी रद्द करत नाही. निकाल अर्जदाराच्या बाजूने, पण तो मिळवायला किती वर्षं आणि किती पैसे गेले असतील! पहिल्यांदाच बरोबर लिहिलेलं स्वस्त.

अजून काही सामूहिक अर्ज आहेत. अप्रकाशित दहा कामांपर्यंतचा अर्ज ८५ डॉलरला मिळतो, पण त्यात सगळ्या कामांचा लेखक एकच लागतो आणि लेखक हाच दावेदार, म्हणजे ज्याच्या नावावर मालकीचा दावा आहे तो, लागतो. पगारी चित्रकारांची कामं चालतील, फ्रीलान्सरकडून दस्ताने घेतलेली चालणार नाहीत. फोटोंसाठी ५५ डॉलरमध्ये ७५० पर्यंत फोटो, म्हणजे वस्तूंचे फोटो स्वतः काढणाऱ्या दुकानांची चंगळच. एका अल्बममधल्या वीसपर्यंत गाण्यांसाठीही वेगळा अर्ज आहे.

कधी नोंदवायचं? एकटं काम असेल, पुस्तक, पोस्टर, ॲपचा कोड, तर बाजारात आणण्याआधीच नोंदवा. अप्रकाशित कामाची फक्त फाइल चढवावी लागते, पार्सल नाही, आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण संरक्षण. खोक्यासारख्या संचाला 'एकत्र प्रकाशित' ही सोय हवी असते, म्हणून तो बाजारात आल्यावर लगेच, तीन महिन्यांची मुदत डोळ्यांसमोर ठेवून. नुसतं चित्र इन्स्टाग्रामवर दाखवणं हे प्रकाशन नव्हे. प्रती विकायला ठेवल्या की ते प्रकाशन.

फॉर्म

कॉपीराइट डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर कंपनीच्या ईमेलने खातं काढा. कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलने नको, तो सोडून गेला की पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो. 'डॉट कॉम' वाले दलाल त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात.

पहिला प्रश्न कामाचा प्रकार. ज्याचं प्राबल्य तो निवडायचा. कार्डांच्या संचात चित्रं जास्त म्हणून 'व्हिज्युअल आर्ट्स'. पुस्तक 'लिटररी', आणि संगणकाचा कोडही 'लिटररी'तच.

शीर्षक रोमन अक्षरांत, खोक्यावर देवनागरीत असलं तरी. विक्रीच्या यादीत जे स्पेलिंग आहे तेच इथे द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. मग प्रकाशनाची माहिती: काम पूर्ण झाल्याचं वर्ष, पहिल्या प्रकाशनाची तारीख, आणि देश. ऑनलाइन आलेल्या कामासाठी जिथून ते चढवलं तो देश धरतात. आपल्या संचाचा देश भारत.

लेखकांच्या रकान्यात घाई करू नका. आपल्या उदाहरणात तीन नोंदी होतील. पहिली कंपनीची: संस्था, वर्क मेड फॉर हायर 'होय', अधिवास भारत, काय केलं तर द्विमितीय कलाकृती. दुसरी फ्रीलान्सरची: व्यक्ती, वर्क मेड फॉर हायर 'नाही', द्विमितीय कलाकृती. तिसरी संचालक बाईंची: व्यक्ती, 'नाही', मजकूर. तिन्ही जागी कंपनीचंच नाव टाकायचा मोह होतो, पण तो टाळा.

दावेदार मात्र एकच, कंपनी. नाव कंपनी निबंधकाच्या प्रमाणपत्रात आहे तसंच, प्रायव्हेट लिमिटेडसकट, ब्रँडचं नाव नको. ज्यांचं काम हस्तांतरणाने आलं त्यांच्यापुढे 'लेखी कराराने' हा पर्याय निवडायचा. हा रकाना रिकामा राहिला की कार्यालयाकडून हटकून विचारणा येते.

पुढचा रकाना दाव्याच्या मर्यादांचा. आधी प्रकाशित झालेलं, परवाना घेऊन वापरलेलं स्टॉक चित्र, सार्वजनिक झालेल्या जुन्या ओव्या, एआयचा भाग, हे सगळं इथे वगळायचं आणि नवं काय ते सांगायचं.

पत्ता देताना सावध. अर्जातली बरीचशी माहिती सार्वजनिक नोंदवहीत जाते आणि तिथून काढणं अवघड असतं. घराचा पत्ता, खासगी मोबाइल देऊ नका. कार्यालयाचा पत्ता द्या.

पैसे कार्डाने भरता येतात. भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून ठेवा.

प्रत पाठवणं

पैसे भरल्यावरच फाइल चढवायचं पान उघडतं. एका फाइलीला ५०० एमबीची आणि एका सत्राला ६० मिनिटांची मर्यादा आहे. कोडसाठी सगळा कोड द्यावा लागत नाही. सुरुवातीची २५ आणि शेवटची २५ पानं पुरतात आणि व्यापारी गुपितं काळी करता येतात.

छापील संच प्रत्यक्ष पाठवावा लागतो. अमेरिकेत प्रकाशित झालेल्या कामाच्या साधारणपणे दोन उत्तम प्रती, बाहेर प्रकाशित झालेल्याची पहिल्या आवृत्तीची एक पूर्ण प्रत. अर्ज संपल्यावर संगणक एक चिठ्ठी छापून देतो. ती खोक्यालाच चिकटवा, नाहीतर तुमचं पार्सल आणि अर्ज यांची गाठ पडायला महिने जातात. वॉशिंग्टनच्या या कार्यालयात येणाऱ्या टपालाची सुरक्षा तपासणी होते आणि त्यात पातळ पाकिटातल्या वस्तू खराब होऊ शकतात. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यातच पाठवा.

हे सगळं बारकाईने सांगण्याचं कारण नोंदणीची तारीख. अर्ज, फी आणि प्रत या तिन्ही गोष्टी ज्या दिवशी पोचल्या तो दिवस नोंदणीचा धरला जातो, प्रमाणपत्र चार महिन्यांनी आलं तरी. पार्सल वाटेत रेंगाळलं तर तीन महिन्यांच्या मुदतीतले दिवस कमी होतात. टपालखर्च वाचवायची ही जागा नव्हे.

तपासनीसाचा ईमेल

काही शंका असेल तर परीक्षक ईमेल करतो. उत्तराला साधारण ४५ दिवस मिळतात, नाही दिलं तर फाइल बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्पॅम फोल्डर बघत राहा. उत्तर थोडक्यात, विचारलं तेवढंच. नकार आला तर तीन महिन्यांत फेरविचार मागता येतो. पहिल्या फेरीची फी ३५० डॉलर, दुसरीची ७००. साध्या लोगोसाठी एवढा खर्च करू नये असं माझं मत. खटला, सीमाशुल्काचं प्रकरण किंवा कराराची मुदत डोक्यावर असेल तर ८०० डॉलर जादा भरून तातडीची नोंदणी मागता येते.

प्रमाणपत्र आलं की एकदा अक्षर-अक्षर तपासा. नाव, तारीख चुकली असेल तर १०० डॉलरमध्ये पूरक नोंदणी करता येते. प्रमाणपत्राची प्रत, दस्त, नेमणूकपत्रं आणि चित्रांच्या मूळ थरांसह फाइली एकत्र ठेवा.

नक्कल सापडली तर

विक्रीच्या संकेतस्थळाला काढून टाकण्याची नोटीस द्यायला नोंदणी लागत नाही. पण समोरच्याने प्रतिनोटीस दिली की १० ते १४ कामाच्या दिवसांत तो माल परत दिसू लागतो, तुम्ही तोपर्यंत दावा लावला नाहीत तर. तिथे नोंदणी हाताशी असलेला आणि नसलेला यांत फरक पडतो.

संघीय न्यायालयाऐवजी जून २०२२ पासून कॉपीराइट क्लेम्स बोर्ड ही स्वस्त वाट आहे. सगळं ऑनलाइन, फी दोन टप्प्यांत १०० डॉलर, वकील सक्तीचा नाही, एकूण दावा ३०,००० डॉलरपर्यंत. ठरावीक भरपाई दर कामाला १५,००० पर्यंत, आणि नोंदणी वेळेत झालेली नसेल तर त्याची निम्मी. पुण्यात बसून अर्ज करता येतो, पण प्रतिवादी अमेरिकेतला हवा. आणि त्याला ६० दिवसांत 'मला हे मंडळ नको' म्हणून बाहेर पडायची मुभा आहे. मोठे, वकील बाळगणारे प्रतिवादी ती वापरू शकतात. छोट्या दुकानदाराविरुद्ध मात्र प्रयत्न करून बघण्यासारखा आहे.

नक्कल तिसऱ्या देशात छापून अमेरिकेत येत असेल तर परदेशातल्या त्या छापणाऱ्याविरुद्ध मंडळाचा उपयोग नाही. तिथे सीमाशुल्क खात्याकडे नोंदणी क्रमांक देऊन प्रत्येक कॉपीराइटमागे १९० डॉलर भरायचे. मग बंदरावर किंवा टपाल केंद्रात तसा माल दिसला तर ते अडवू शकतात. अर्जासोबत अस्सल खोक्याचे स्पष्ट फोटो जोडा, आणि अस्सल माल कुठल्या छापखान्यातून, कोणत्या आयातदाराकडून येतो तेही लिहा, नाहीतर तुमचीच खेप अडकायची.